उत्सव आणि धास्ती

कोणत्याही समाजाच्या जीवनात उत्सवाचे स्थान काय, हा प्रश्न सुखाच्या काळात सहसा कोणी विचारीत नाही. जे दरवर्षी नेमाने घडते त्याची मीमांसा करण्याची गरजच भासत नाही. परंतु ज्या वर्षी उत्सव राहून जातो, आणि तोही अतिवृष्टीने, रोगराईने किंवा वर्गणी न जमल्याने नव्हे, तर जमलेल्या माणसांना सरकारी अंमलदार येऊन पकडून नेतील या धास्तीने राहून जातो, त्या वर्षी हा प्रश्न विचारणे प्रत्येक विचारी माणसाचे कर्तव्य ठरते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०२५ साली स्थलांतरितांच्या धरपकडीची जी मोहीम सुरू झाली, तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. किती माणसे पकडली, किती हद्दपार झाली, न्यायालयांनी काय निर्णय दिले, याचे तपशील वृत्तपत्रांतून येतच असतात. पण जी माणसे पकडली गेली नाहीत, ज्यांच्यापैकी बहुतेकांना पकडण्याचा कायदेशीर अधिकारही कोणाला नाही, त्यांच्या सार्वजनिक जीवनावर या मोहिमेचा काय परिणाम झाला, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असून त्याचा समग्र विचार मात्र क्वचितच होतो.

प्रारंभ फिलाडेल्फियापासून करणे योग्य होईल. या शहराच्या दक्षिण भागात मेक्सिकोच्या पुएब्ला प्रांतातून, विशेषतः पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेल्या सान मातेओ ओसोल्को या गावातून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. ५ मे १८६२ रोजी पुएब्लाच्या लढाईत मेक्सिकन सैन्याने फ्रेंच फौजेचा पराभव केला, त्या विजयाच्या स्मरणार्थ हे लोक वसंतात ‘कार्नावाल दे पुएब्ला’ साजरा करतात. रंगीत मुखवटे, भरजरी पोशाख आणि पिसांचे शिरपेच धारण करून फ्रेंचांकडून लढणाऱ्या झुआव्हांची व त्यांच्याशी झुंजलेल्या साकापोआश्त्ला डोंगरकऱ्यांची पथके वाद्यांच्या गजरात रस्त्यांवरून नाचत जातात, आणि शेजारच्या राज्यांतूनही माणसे येऊन गर्दी पंधरा हजारांच्या घरात पोहोचते. हा उत्सव २०१७ साली संयोजकांनी स्वतःहून रद्द केला, आणि मधल्या काळात पुन्हा भरू लागल्यानंतर २०२५ साली तो दुसऱ्यांदा रद्द झाला. दोन्ही वेळा कारण एकच होते. सरकारने मनाई केली नव्हती, नगरपालिकेने परवाना नाकारला नव्हता; ज्यांना आपण बोलावतो त्यांच्यावर आपल्याच आमंत्रणामुळे आपत्ती ओढवेल, ही भीती संयोजकांच्या मनाला पटली होती.

त्याच वसंतात शिकागोच्या लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीतील ५ मेची मिरवणूकही रद्द झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात लॉस एंजेलिसमध्ये धाडसत्र सुरू झाले, आणि त्यानंतर बेल गार्डन्स, कडही यांसारख्या प्रामुख्याने लॅटिनो वस्तीच्या लहान शहरांनी ४ जुलैचे समारंभ रद्द केले, तर खुद्द लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीतील ग्रँड पार्कचा सोहळा तहकूब झाला. या गोष्टीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे: ४ जुलै हा परदेशातून आणलेला सण नव्हे, तो अमेरिकेचाच स्वातंत्र्यदिन आहे, आणि नव्या देशाचा राष्ट्रीय सण आपला मानून साजरा करण्यास निघालेल्या लोकांनाच त्या दिवशी घरी बसणे अधिक शहाणपणाचे वाटले. सप्टेंबरात मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये व्हावयाचा ‘एल ग्रितो’ हा महोत्सवही पुढे ढकलण्यात आला.

२०२५ साली हे सर्व घडण्यामागे कायद्याच्या दप्तरात झालेला एक बदल आहे. स्थलांतरविषयक खात्याने २०११ साली आपल्या अधिकाऱ्यांसाठी एक परिपत्रक काढून शाळा, इस्पितळे, प्रार्थनामंदिरे, विवाह व अंत्यविधी यांच्याबरोबरच सार्वजनिक मिरवणुकीच्या ठिकाणीही, अपवादात्मक प्रसंग वगळता, धरपकड करू नये असे ठरवून दिले होते. २०२१ साली ही यादी अधिक विस्तृत करण्यात आली. ही कोणास दिलेली कायमची सनद नव्हती, अधिकाऱ्यांच्या विवेकाला घातलेली ती मर्यादा होती; परंतु समाजाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे होते, कारण काही जागा व काही क्षण राज्यसत्तेच्या हातापासून दूर ठेवण्यास राज्यसत्ता स्वतःच राजी आहे, असे आश्वासन तिच्यात होते. २० जानेवारी २०२५ रोजी, नव्या राजवटीच्या पहिल्याच दिवशी, ही मर्यादा उठविण्यात आली. परिपत्रकाने दिलेले परिपत्रकाने काढून घेतले, आणि विधिमंडळात त्यावर चर्चा होण्याचे कारणही पडले नाही.

धर्मसंस्थांनी या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. क्वेकर पंथीयांच्या दाव्यात मेरीलँडच्या संघीय न्यायालयाने २४ फेब्रुवारी २०२५ रोजी अंतरिम मनाई दिली. पण तिचा लाभ दावेदारांपुरताच, म्हणजे त्या क्वेकर सभा, बाप्टिस्टांचा एक संघ आणि कॅलिफोर्नियातील वेस्ट सॅक्रामेंटोचा गुरुद्वारा यांच्यापुरताच मर्यादित राहिला. दुसऱ्या एका दाव्यात सत्तावीस धर्मसंस्थांनी केलेली तशीच मागणी वॉशिंग्टनच्या न्यायालयाने एप्रिलमध्ये नाकारली. परिणामी एका मंदिराच्या दारात संरक्षण आहे आणि शेजारच्या मंदिराच्या दारात नाही, अशी स्थिती निर्माण झाली. पुढे ८ जुलै रोजी कॅलिफोर्नियातील सान बर्नार्डिनोचे बिशप आल्बेर्तो रोहास यांनी, ज्यांना अटकेची खरी भीती वाटते त्यांना रविवारच्या मिस्सेस उपस्थित राहण्याच्या धार्मिक कर्तव्यातून सूट दिली. कॅथलिक परंपरेत असे विमोचन आजार, महामारी यांसारख्या प्रसंगी दिले जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे शासनाची धास्ती एका धर्माधिकाऱ्याला कोणत्या पंक्तीत बसवावी लागली याची कल्पना येते.

यापेक्षाही दूरगामी परिणामाची घटना सप्टेंबरात घडली. वंश, स्पॅनिश भाषा किंवा बोलण्याची परकी धाटणी, एखाद्या ठिकाणी असणे, आणि कामाचा प्रकार, एवढ्यांच्याच आधारे कोणास थांबवून चौकशी करू नये, अशी मनाई लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायाधीशांनी जुलैमध्ये केली होती. ८ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली, आणि त्याच दिवशी शिकागोतील मोठ्या धाडमोहिमेची घोषणाही झाली. आता विचार करावा की उत्सव म्हणजे तरी काय असते? जी भाषा कामाच्या ठिकाणी दबक्या आवाजात बोलली जाते ती तेथे मोठ्याने गायिली जाते, जो पोशाख एरवी पेटीत असतो तो अंगावर चढतो, आणि एका वंशाची माणसे एका ठरलेल्या जागी एकत्र येतात. संशय घेण्यास जी लक्षणे पुरेशी मानली जाण्याची भीती आहे, त्या सर्वांचे स्वेच्छेने केलेले प्रकट दर्शन म्हणजेच उत्सव होय. म्हणून अशा व्यवस्थेत जीवनाच्या इतर अंगांपेक्षा उत्सवालाच पहिला धक्का बसावा, हे अपरिहार्य आहे.

हा अनुभव त्या देशाला नवा नाही. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिसच्या जुन्या चौकात, ला प्लासिता येथे, दुपारच्या उन्हात विसावलेल्या सुमारे चारशे लोकांना अंमलदारांनी वेढा घालून रोखून धरले व त्यांची कागदपत्रे तपासली. प्रत्यक्ष अटक झालेल्यांची संख्या अल्प होती; पण मेक्सिकन समाजाच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र असलेली जागाच हेतुतः निवडली गेल्याने त्या धाडीचा संदेश शहरभर पोहोचला. मंदीच्या त्या दशकात लक्षावधी मेक्सिकन वंशाचे लोक देश सोडून गेले किंवा पाठविले गेले, आणि त्यांतील फार मोठा भाग जन्माने अमेरिकन नागरिकांचा होता. धास्तीचा परिणाम शरीरावरही होतो, याचा पुरावा अलीकडच्या काळातला आहे. १२ मे २००८ रोजी आयोवा राज्यातील पोस्टव्हिल या लहानशा गावी मांसप्रक्रिया कारखान्यावर धाड पडून ३८९ कामगार पकडले गेले. त्यानंतर राज्यभरातील लॅटिना मातांच्या पोटी जन्मलेल्या मुलांचे वजन कमी असण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेने २४ टक्क्यांनी वाढल्याचे संशोधकांना आढळले, आणि ही वाढ अमेरिकेत जन्मलेल्या मातांमध्येही होती. ज्या स्त्रियांना हद्दपार करणे कायद्याने अशक्य, त्यांच्या उदरातील बालकांपर्यंत जी भीती पोहोचते, ती मिरवणुकीपर्यंत पोहोचली यात नवल ते काय?

या भीतीचे कार्य कसे चालते, हे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट अशी की उत्सवाला काळ आणि स्थळ आगाऊ जाहीर करावे लागते. कामाला जाणारा मनुष्य वाट बदलू शकतो, बाजारहाट शेजाऱ्याकडून करवून घेऊ शकतो. पण मिरवणुकीचा मार्ग भित्तिपत्रकावर छापावाच लागतो. दुसरी गोष्ट संयोजकांच्या नैतिक जबाबदारीची. स्वतःच्या घराबाहेर पडण्याचा धोका पत्करणे वेगळे, आणि हजारो कुटुंबांना आमंत्रण धाडून त्यांचा धोका आपल्या शिरावर घेणे वेगळे. यामुळे पुष्कळदा समाजातील सर्वांत निर्भय माणसेच उत्सव रद्द करण्याचा निर्णय घेतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एका घरातच नागरिकत्वाच्या निरनिराळ्या पायऱ्या असतात. बाप कागदपत्रांवाचूनचा, आईजवळ तात्पुरता परवाना, आणि मुले जन्मसिद्ध नागरिक, अशी लक्षावधी कुटुंबे त्या देशात आहेत. ज्यांचा जन्म अमेरिकेत झाला पण आईबापांपैकी एकाजवळ तरी कागद नाहीत, अशा अज्ञान मुलांची संख्याच प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार चाळीस लाखांच्या वर जाते. बाप घरी राहिला की मुलगीही नाचाच्या पथकात जात नाही. अशा रीतीने ज्याला कायदा स्पर्श करू शकत नाही त्यालाही त्याची छाया घरात बसविते. केएफएफ या संस्थेच्या पाहणीत, आपण किंवा आपल्या घरचे कोणी पकडले जाईल अशी चिंता वाटणाऱ्या स्थलांतरितांचे प्रमाण २०२३ साली २६ टक्के होते, ते २०२५ साली ४१ टक्क्यांवर गेले. आणि या स्थलांतरितांत रीतसर नागरिकत्व मिळविलेलेही आहेत.

उत्सव रद्द झाल्याने होणाऱ्या नुकसानीची मोजदाद साधारणतः पैशांत केली जाते, आणि ते नुकसान लहान नाही. पुष्कळ छोटे विक्रेते, खाद्यपदार्थांच्या गाड्या लावणाऱ्या बाया, पोशाख शिवणारे कारागीर, वाजंत्री, छायाचित्रकार यांच्या वर्षाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा अशा चारदोन दिवसांवर अवलंबून असतो. पुरस्कर्ते एकदा दूर गेले की पुढच्या वर्षी परत येतीलच याची शाश्वती नसते. परंतु यापेक्षा मोठी हानी परंपरेच्या संक्रमणाची आहे. झुआव्ह पथकातील पावले पुस्तकातून शिकता येत नाहीत; मुखवटा कसा बांधावा, ओझे डोक्यावर तोलून मैलभर कसे नाचावे, कोणत्या ठेक्यावर पथकाने वळावे, हे दहा वर्षांच्या मुलाने थोरल्या भावाच्या मागे चालूनच शिकावयाचे असते. मुलाचा हा शिकण्याचा काळ चारपाच वर्षांचाच असतो, त्यातील दोन वर्षे रिकामी गेली तर त्या मुलाच्या मनात आपल्या पूर्वजांच्या उत्सवाची जी प्रतिमा उरते ती आनंदाची नसून लपण्याची असते. आणि जो वारसा लपवावा लागतो त्याची मुलांना पुढे लाज वाटू लागते. माझ्या मते या सर्व प्रकरणातील सर्वांत दुःखद परिणाम हाच आहे.

ही धास्ती केवळ गरिबांच्या वस्त्यांपुरती राहिलेली नाही. पोर्तो रिकोचा जगप्रसिद्ध गायक बॅड बनी याने २०२५ साली आपल्या जागतिक दौऱ्यातून अमेरिकेची मुख्य भूमी वगळली, आणि तसे करण्यामागे कार्यक्रमाच्या बाहेर अंमलदार उभे राहतील ही चिंताही होती असे उघडपणे सांगितले. त्याऐवजी त्याने आपल्या बेटावरच एकतीस प्रयोगांची मालिका केली. पोर्तो रिकोत जन्मलेले लोक जन्मतः अमेरिकन नागरिक असतात. नागरिक असलेल्या कलावंतालाही आपल्याच देशात श्रोत्यांना बोलावण्यापूर्वी त्यांच्या सुरक्षिततेचा विचार करावा लागावा, यावरून भीतीचा पैस किती वाढला आहे हे दिसते.

मराठी वाचकाचा या प्रश्नाशी संबंध काय, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर दूर शोधावे लागत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले, त्यात बहुसंख्य गुजरात, हरियाणा व पंजाबचे असले तरी तिघे महाराष्ट्राचेही होते. त्या वर्षाच्या आरंभीच न्यू यॉर्क व न्यू जर्सीच्या परिसरातील गुरुद्वारांत अंमलदार चौकशीस गेल्याने शीख संघटनांनी चिंता व्यक्त केली होती. रीतसर परवान्याने गेलेल्या सुशिक्षित मराठी कुटुंबांची स्थिती निश्चितच वेगळी आहे. १९६९ साली स्थापन झालेले शिकागोचे महाराष्ट्र मंडळ, त्यानंतर उभे राहिलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ आणि गावोगावचे गणेशोत्सव हे त्यांच्या स्थैर्याचे द्योतक आहेत. परंतु त्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी एकाएकी रद्द झाल्या व न्यायालयीन लढ्यानंतर पूर्ववत झाल्या. एप्रिलपासून प्रौढ परदेशीयांनी नोंदणीचा दस्तऐवज सदैव जवळ बाळगावा या नियमाची सक्तीने अंमलबजावणी सुरू झाली. आणि १९ सप्टेंबर रोजी एच-वन-बी परवान्यावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा नवरात्र तोंडावर असताना भारतात सणाला व लग्नकार्याला निघालेल्या कित्येकांनी प्रवास रद्द केला, काही जण तर विमानात बसल्यानंतर उतरले. सण चुकतो तो कधी मिरवणूक निघाली नाही म्हणून, तर कधी माहेरच्या घरी पोहोचता आले नाही म्हणून. दोहोंच्या मुळाशी असलेली अनिश्चितता एकाच जातीची आहे.

आपल्या देशातील अनुभवाकडे डोळेझाक करून हा आढावा पूर्ण करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बांगलादेशातून बेकायदा आलेल्यांचा शोध घेण्याच्या मोहिमेत जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले, आणि ते भारतीयच असल्याची खात्री पटल्यानंतर त्यांना परत आणावे लागले. जुलैत दिल्लीजवळच्या गुरुग्राममध्ये अशाच धरपकडीनंतर बंगाली बोलणाऱ्या कष्टकऱ्यांच्या वस्त्या ओस पडू लागल्या. आपली मातृभाषा रस्त्यावर बोलणे हाच ज्याच्याविरुद्ध पुरावा होऊ शकतो, त्याने ईद किंवा दुर्गापूजा कोणत्या मनाने साजरी करावी? परदेशातील आपल्या बांधवांसाठी जो न्याय आपण मागतो, तो आपल्या शहरात राबावयास आलेल्या माणसासाठी मागण्यास आपण कचरता कामा नये.

या विवेचनावर जो आक्षेप घेतला जाईल तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. आपल्या हद्दीत कोणी यावे व राहावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे. कायदा मोडून आलेल्यास केवळ उत्सवाच्या आड आसरा मिळावा, ही मागणी कोणी करू लागल्यास ती मान्य होणार नाही. आणि निरपराध माणसाने भिण्याचे कारण काय, असेही विचारले जाईल. पहिले विधान मी मान्य करतो. दुसऱ्याविषयी इतकेच म्हणतो की २०११ व २०२१ च्या मर्यादांत तातडीच्या धोक्यासाठी अपवाद राखलेलेच होते, आणि घातक गुन्हेगारास पकडण्यासाठी मुलांच्या नाचपथकांत शिरण्याची आवश्यकता कोणत्याही दक्ष पोलिसास भासत नाही. तिसऱ्या विधानात मात्र मूलभूत दोष आहे. निरपराधाने भिऊ नये हे खरे. परंतु निरपराधाला भीती वाटणार नाही अशा रीतीने अंमल चालविणे हे राज्याचे कर्तव्य आहे, निरपराधाचे नव्हे. एका अपराध्यासाठी टाकलेले जाळे शेकडो निरपराधांना घरात कोंडत असेल, तर ते कोंडणे हाही त्या धोरणाचाच परिणाम मानला पाहिजे व त्याचा जाब धोरण आखणाऱ्यांना विचारला पाहिजे.

भीतीपुढे सर्वांनीच माघार घेतली असे मात्र नाही. शिकागोत धाडमोहीम चालू असतानाच, १४ सप्टेंबर २०२५ रोजी, लिटल व्हिलेजच्या सव्विसाव्या रस्त्यावरून मेक्सिकन स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक निघाली. त्या शहराच्या वस्त्यांत अंमलदार दिसताच इशारा देण्यासाठी लोकांनी शिट्या जवळ बाळगण्याची रीत पाडली, आणि हक्कांची माहिती देणारी पत्रके घरोघरी वाटली. अशा निर्धाराचे एक जुने उदाहरण लंडनचे आहे. त्रिनिदादमध्ये जन्मलेली व न्यू यॉर्कमध्ये वाढलेली क्लॉडिया जोन्स ही तिच्या कम्युनिस्ट विचारांसाठी १९५५ साली अमेरिकेतून हद्दपार झाली व इंग्लंडला गेली. १९५८ साली नॉटिंग हिलमध्ये कृष्णवर्णीयांवर गोऱ्या जमावांनी हल्ले केले, तेव्हा तिने खचलेल्या कॅरिबियन समाजाला उभारी देण्यासाठी ३० जानेवारी १९५९ रोजी सेंट पँक्रसच्या सभागृहात, ऐन हिवाळ्यात, कार्निव्हल भरविला; आजच्या विख्यात नॉटिंग हिल कार्निव्हलच्या पूर्वपीठिकेत या समारंभाला मानाचे स्थान आहे. १९०८ साली टिळकांना शिक्षा झाल्यानंतर गणेशोत्सवातील मेळ्यांवर सरकारी निर्बंध आले होते आणि तरीही उत्सव टिकला, हा इतिहास जाणणाऱ्या मराठी माणसाला या उदाहरणांचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही.

तथापि काही धीराच्या लोकांनी उत्सव केला म्हणून इतरांनीही करावा, असा उपदेश दूर सुरक्षित बसलेल्याने करणे अन्यायाचे होईल. ज्याच्या घरी पाच वर्षांचे मूल संध्याकाळी बापाची वाट पाहते त्याने मिरवणुकीस जावे की नाही, हा निर्णय त्याचा आहे. फिलाडेल्फियाच्या संयोजकांनी उत्सव रद्द केला यात भ्याडपणा नव्हता, समाजाविषयीची जबाबदारी होती. धैर्याची अपेक्षा करावयाची ती सत्तेच्या आसनांवर बसलेल्यांकडून. परिपत्रकाच्या एका फटक्याने जाऊ शकणारे संरक्षण विधिमंडळाच्या कायद्याने पक्के करावे, अशी विधेयके अमेरिकेच्या काँग्रेसपुढे वारंवार मांडली गेली आहेत. तसा कायदा होणे हाच या धास्तीवरील टिकाऊ उपाय आहे. उपासना, विवाह, अंत्यविधी आणि समाजाचा जाहीर उत्सव या चार प्रसंगी मनुष्याकडे केवळ मनुष्य म्हणून पाहावे आणि त्याच्या कागदांची चौकशी दुसऱ्या दिवसावर टाकावी, इतका संयम कोणत्याही राज्याला परवडतो. ज्या राज्याला तो परवडत नाही ते आपल्या कायद्याचे बळ सिद्ध करीत नाही. आपल्याच नागरिकांच्या मुलांना ते परकेपणाचा पहिला धडा देत असते, आणि त्या धड्याची किंमत पुढील पिढीत त्यालाच मोजावी लागते.